घड्याळवाली नर्सबाई

आमच्या गावच्या नर्सबाईंच्या डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ असे, तेही उलटं बांधलेलं. तबकडी आतल्या बाजूला, नाडीवर. बायकांचं नाजूक घड्याळ का घेत नाही, असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "बायांच्या घड्याळात सेकंदाचा काटा दिसत नाई. मले टाइम नाई पाहाचा, मले लेकराचा श्वास मोजाचा हाये." गावात तेव्हा घड्याळं मोजकी. एक शाळेत, एक आमच्या दूध संस्थेच्या भिंतीवर आणि एक बाईंच्या हातावर. त्यामुळे त्यांचं खरं नाव रजिस्टरातच राहिलं. सारं गाव त्यांना घड्याळवाली नर्सबाई म्हणे.

मी त्यांच्याबद्दल आजवर कधी लिहिलं नाही. एकदाच लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. त्याकडे येतोच.

साकोली तालुक्यात एकोडीच्या अलीकडे आमचं गाव. अठ्ठ्याहत्तर साल असेल. गावात आरोग्य उपकेंद्र नुकतंच झालं होतं. दोन खोल्या, पुढे पडवी. बाई मूळच्या पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या. त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच होतं, आणि परकी बाई म्हणून तोंड लपवण्याची सोय गावाला उरली नाही. त्या धानाच्या बांधावरून चालत घरोघर जात. लुगड्याचा काठ चिखलात भिजलेला, खांद्याला पिशवी. कोणत्याही दुखण्याला त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "किती वाजता?"

ताप आला? किती वाजता. लेकरू ओकलं? किती वाजता. गावातल्या बाया म्हणत, "आमाले का माहीत बाई, गायी सुटल्या तवा." बाई हसत आणि पिशवीतल्या वहीत गायी सुटण्याची वेळ लिहून घेत. गायी केव्हा सुटतात, साकोलीची एसटी केव्हा वळते, संस्थेची दुधाची गाडी केव्हा निघते, हे सगळं त्यांना पाठ होतं. गावाची वेळ घड्याळाच्या वेळेत बसवायची त्यांची अशी रीत होती.

मी त्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. गावात मॅट्रिक झालेले तिघे, त्यात माझं अक्षर सुरेख. बाईंचं अक्षर मात्र कोंबडीनं पाय ओढावेत तसं. वरच्या ऑफिसात पाठवायच्या लसीकरणाच्या याद्या त्या माझ्याकडून लिहून घेत. संस्थेच्या ओट्यावर बसून नावं सांगत आणि मी लिहीत असे. लिहून झालं की कागद हातभर दूर धरून पाहत. "सेक्रेटरीभाऊ, तुमचं अक्षर पाहून साहेबाले वाटते का मी लय शिकलेली हावो." अशा दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडून किती कागद लिहून घेतले असतील, कोण जाणे. माझ्या अक्षराचा प्रत्येक वळसा त्यांच्या ओळखीचा झाला होता.

माझी मुलगी मंदा आठ-नऊ महिन्यांची झाली आणि घरात वरचं दूध सुरू झालं. दूध संस्थेच्या सेक्रेटरीची पोर. घरी गाय होती, दुधाची कमी नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिच्या गालांवर, मानेवर, पोटावर लाल गांधी उठू लागल्या. पोर खाजवून खाजवून रडे. माझी आई म्हणाली, उन्हाळी आहे, अंगात उष्णता झाली, थंड द्या. मग थंड म्हणून आणखी दूध. वरून गांधींवर गेरू, आणि गेरूनं भागेना तेव्हा दुधावरची साय.

बाई लस टोचायला म्हणून आल्या तेव्हा मंदा आजीच्या मांडीवर उघडी पडलेली होती. बाईंनी तिची पाठ उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग माझ्या आईला म्हणाल्या, "मावशी, तुमी हिच्या पाठीवर हात कायले फिरवला?"

"साय लावली ना बाई. आग होऊन राहिली लेकराची."

"पाहा तं. तुमची पाच बोटं उठून राहिली."

खरंच. आईची बोटं जिथून फिरली होती तिथे पाच लांब, फुगलेल्या लाल रेघा उमटल्या होत्या. आई घाबरून म्हणाली, "देवी आली का व बाई?"

"देवी नाई, अना गोवरबी नाई. गोवराले ताप येते, अना तो चार रोज ठान मांडून बसते. खरूज असती तं तुमी सारेच खाजवत बसले असते. ही पित्ती हाये. येते, दोन-चार घंट्यानं जाते, अना मागं डागबी ठेवत नाई. आता सांगा, दूध किती वाजता पाजलं?"

माझी बायको कमल दुसरीपर्यंत शिकलेली. बाईंनी तिला चुलीमागच्या भिंतीजवळ नेलं. दूध दिलं की कोळशाची एक उभी रेघ. पेज दिली की आडवी. डाळीचं पाणी दिलं की गोल. आणि अंगावर पित्ती उठली की ज्याच्यानंतर उठली त्या खुणेच्या बाजूला गेरूचा टिपका. "जो गेरू पोरीले लावून राहिले तो भिंतीले लावा. तिथं तो कामाचा हाये," त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी मंदाचा वरचा ओठ सुजला. बाई आल्या आणि मला ओट्यावरून बोलावून त्या भिंतीपुढे उभं केलं. "वाचा, सेक्रेटरीभाऊ." उभ्या रेघा सहा होत्या. सहाही रेघांशेजारी लाल टिपका. आडव्या रेघा आणि गोल सगळे कोरे. न शिकलेल्या माणसालाही वाचता यावं असं ते लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "बाई, दुधानं कोणाला काय होते?"

"साऱ्यांले नाई होत. हिले होते."

त्या दिवसापासून त्यांनी दूध पूर्ण बंद केलं. आईनं विचारलं, मग म्हशीचं देऊ? शेळीचं? बाई म्हणाल्या, "मावशी, त्या साऱ्या बहिणी-बहिणी हायेत. एकीशी भांडन झालं का साऱ्यांशी झालं." दही नाही, ताक नाही, लोणी नाही, तूप नाही. दुकानातलं बिस्किटही नाही, कारण त्यात दूध असू शकतं. कमलनं अंगावर पाजणं मात्र चालू ठेवायचं. पोरीसाठी वेगळा गंज म्हणजे पातेलं, वेगळा चमचा. नखं कापायची. पित्ती उठली तर ओल्या फडक्यानं पुसायचं, साबण नाही, गेरू नाही, गरम पाणी नाही. कमलला त्या स्वतः साकोलीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि एक पातळ औषध दिलं.

तरीही एक-दोनदा गालावर गांधी उठल्या. बाईंनी कमलला विचारलं, "किती वाजता?" कमल म्हणाली, हे संस्थेतून येतात तेव्हा. बाई माझ्याकडे वळल्या. "हात दाखवा." मी सकाळभर दूध मोजून आलेलो, मनगटापर्यंत वास. "असे हात घेऊन पोरीचे गाल कुरवाळता काय? बाप असान तं पहिले हात धुवा." कमल पदर तोंडाला लावून हसली होती. मला राग आला होता, पण हात धुतले. आणि गाल स्वच्छ झाले.

कमलला त्यांनी एक वाक्य पाठ करायला लावलं होतं. "अंगावरची पित्ती मी पाहीन. ओठ सुजला, आवाज बसला, श्वासाले शिट्टी लागली, का माह्याकडं थांबाचं नाई. दवाखाना." रोज येता-जाता कुंपणावरून विचारत, "सांग व कमल, शिट्टी लागली तं?" आणि कमल भाजी चिरता चिरता ओरडे, "दवाखाना!"

चार-पाच महिन्यांत मंदा बाळसं धरू लागली. पेज, मुगाची डाळ, तलावातल्या माशाचं काटे काढून कुसकरलेलं मांस. दूध न पिता वाढणारी पोर गावानं पाहिली नव्हती. कौतुक व्हायला हवं होतं. झाली थट्टा. सकाळी दूध घालायला आलेले लोक रांगेत म्हणत, "सेक्रेटरीची पोट्टी दुधाचा गंज पाहून पळते म्हन्ते." दुसरा म्हणे, "मंग आमचं दूध विकते कायले? जहर हाये ना!" दोन घरच्या बायांनी खरंच आपल्या पोरांचं दूध तोडलं. बाईंनी त्यांच्या घरी जाऊन समजावलं, ज्याला सोसतं त्याला द्या. पण बोलणं पसरायचं ते पसरलं. नर्सबाई दुधाच्या विरोधात आहे, असं लोक म्हणू लागले. संस्था नवी होती. अध्यक्ष मला म्हणाले, "सेक्रेटरी, तुमच्याच घरून दुधाची बदनामी होऊन राहिली."

इथं खरं तर मी भिंतीवरच्या रेघा लोकांना सांगायला हव्या होत्या. मी गप्प बसलो.

कान्होबाच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या, दुसऱ्या दिवशी संस्थेच्या ओट्यावर काला असे. लाह्या, पोहे, काकडी, खोबरं आणि संस्थेच्या दुधाचं दही. मंदा तेव्हा सव्वा वर्षाची. मी तिला कडेवर घेऊन उभा होतो. कमल पलीकडे बायांत. अध्यक्षांनी काल्याचं पातेलं माझ्यापुढे धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सेक्रेटरी, आज तुमच्या हातानं पोरीले देवाचा काला चारा. गाव पाहून राहिलं."

गाव खरंच पाहत होतं. मी दोन बोटांनी काला उचलला. कमल तिकडून ओरडली, "अवो, नका!" मी ऐकलं. ऐकून तो मंदाच्या तोंडात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंदाही टाळ्या वाजवू लागली.

आधी हनुवटीखाली लाल झालं. मग दोन्ही ओठ फुगले, डोळे बारीक झाले. ती रडायला लागली तर आवाज घोगरा येत होता. कोणी म्हणालं गेरू आणा, कोणी म्हणालं घोंगडी आणा. कमलनं तिला माझ्या कडेवरून ओढून घेतलं आणि समोरच्या उपकेंद्राकडे धावली. बाई पडवीतच होत्या. त्यांनी मंदाच्या छातीला कान लावला, घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "काय देल्लं? किती वाजता?"

मी म्हणालो, "काही दिलं नाही."

हे मी म्हणालो. माझी पोर श्वासासाठी धडपडत असताना, भोवती माणसं होती म्हणून.

"काला देल्ला, बाई!" कमल किंचाळली. "याईनंच देल्ला, आपल्या हातानं!"

बाईंनी पुन्हा विचारलं, "सेक्रेटरीभाऊ, किती वाजता?" मी खाली पाहिलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. संस्थेपुढे दुधाची गाडी कॅन भरून उभी होती. बाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "कॅन उतरव. साकोली." तो अध्यक्षांकडे पाहू लागला तेव्हा बाईंनी स्वतः पहिला कॅन खाली ओढला. तो कलंडला आणि ओट्यापुढे दुधाचा लोट वाहिला. चपला भिजल्या तरी कोणी हललं नाही. मग ड्रायव्हरनं बाकीचे उतरवले.

गाडीत बाईंनी मंदाला मांडीवर घेतलं होतं. सारा रस्ता एक हात छातीवर आणि डोळे घड्याळावर. मी मागे रिकाम्या फळीवर. पोरीच्या श्वासाची शिट्टी इंजिनाच्या आवाजावरूनही ऐकू येत होती. एका ठिकाणी ती थांबल्यासारखी झाली. बाई म्हणाल्या, "घे माय, घे. अजून एक घे." आणि तिनं घेतला.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं शिट्टी मंदावली, ओठ उतरू लागले. डॉक्टर मला म्हणाले, "बाईंनी उचलून आणलं म्हणून वाचली." दुसऱ्या दिवशी आम्ही पोरीला घरी आणलं.

घरी आलो तर गावात गोष्ट तयार होती. नर्सबाईनं पोरीला पेजेवर ठेवून कमजोर केलं, म्हणून तिला देवाचा कालासुद्धा सोसला नाही. शिवाय संस्थेचं दूध सांडलं. अध्यक्षांनी बदलीचा अर्ज करायचं ठरवलं. अर्ज लिहायला सुरेख अक्षराचा माणूस हवा होता.

मी लिहिला. "सदर परिचारिका यांनी चुकीचा सल्ला देऊन बालकाचे दूध बंद केल्यामुळे बालक अशक्त होऊन त्याच्या जिवास धोका निर्माण झाला." वेलांट्या रेखीव, समास सोडलेला. खाली गावच्या सह्या आणि अंगठे. माझी सही मी केली नाही. पोरीचा बाप म्हणून बरं दिसणार नाही, असं मी अध्यक्षांना सांगितलं. खरं कारण असं की बाईंना कळू नये.

दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. तुमसर तालुक्यात, आंबागडच्या किल्ल्याखालच्या जंगलाकडे. जायच्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. कमल रडत होती. बाईंनी तिला पुन्हा सगळं विचारलं, गंज वेगळा ठेवते ना, औषध संपलं नाही ना, शिट्टी लागली तर? "दवाखाना," कमल हुंदका देत म्हणाली. "अना दूध आपल्या मनानं चाखवून पाहाचं नाई. पाच वर्षांची झाली का डॉक्टरकडं नेजो. लय लेकरांचं मोठेपनी जाते. पन पाहाचं तं त्यायच्यासमोरच पाहाचं."

मग त्या मी बसलो होतो तिथे आल्या. मी उठलो.

"वरच्या ऑफिसात साहेबानं मले अर्ज दाखवला," त्या म्हणाल्या. "अक्षर लय सुंदर हाये, सेक्रेटरीभाऊ."

त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. "दोनची एसटी हाये. पोरीले कधी काही झालं तं काय खाल्लं, किती वाजता, हे लिहून ठेवत जा. त्याच अक्षरात. डॉक्टरले वाचता येते."

पिशवी खांद्याला लावून त्या बांधावरून गेल्या. त्यांना एसटीवर सोडायला गावातून फक्त कमल गेली.

पुढे मी लिहीत गेलो. मंदाच्या नावाची एक वही केली. मंदा पाच वर्षांची झाली तेव्हा ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. ती पाहून त्यांनी तिला दवाखान्यातच बसवून दुधाचा थेंब, मग चमचा, मग थोडं जास्त असं दिलं. काही झालं नाही. हळूहळू तिला दूध चालू लागलं. घरी येऊन तिनं पहिला पेढा खाल्ला, तेव्हा कमल तिच्यासमोर बसून घड्याळ पाहत होती. घड्याळ आम्ही तेवढ्यासाठीच घेतलं होतं.

चौऱ्याऐंशीच्या सुमारास मी एकदा आंबागडकडे गेलो. माफी मागायची, एवढं एकच काम. उपकेंद्राच्या पडवीत बाई एक तान्हं लेकरू घेऊन बसल्या होत्या. मान खाली, मनगट डोळ्यांपुढे, श्वास मोजत होत्या. मी मोहाच्या झाडाखाली थांबलो. मोजताना त्यांना हाक मारायची नाही हे आमच्या गावातल्या पोरांनाही ठाऊक होतं. मी ते निमित्त धरलं. त्यांचं मोजून होण्याआधी परत फिरलो आणि ज्या एसटीनं आलो होतो तिनंच निघालो.

निवृत्त झाल्यावर त्या कोंढ्याला राहिल्या. कमल मंदाला घेऊन त्यांना भेटून आली. मी गेलो नाही. परत आल्यावर कमलनं सांगितलं, मंदाला जवळ घेऊन त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काही उठत नाई आता." निघताना विचारलं, "सेक्रेटरीभाऊचं अक्षर तसंच हाये का?" त्यानंतर दोन वर्षांनी त्या वारल्याचं कळलं.

आता कमल नाही. संस्थेचा ओटा मोडून तिथे दुसरं काही झालं आहे. मंदाची मुलगी स्वतः आई झाली. परवा मंदा फोनवर तिच्याशी बोलत होती. पणतूच्या अंगावर कसलेसे लाल ठिपके उठले होते. मंदा इतकंच म्हणाली, "आधी सांग, किती वाजता?" मी शेजारच्या खाटेवर पडून ऐकत होतो. हा प्रश्न तिला कोणी शिकवला, तिला ठाऊक नाही. तिच्या आईनं शिकवला असं तिला वाटतं. दही कोणी भरवलं होतं, हेही तिला ठाऊक नाही. कमलनं तिला कधी सांगितलं नाही. माझी लाज तिनं शेवटपर्यंत झाकली.

बाई, अक्षर तसंच आहे. थोडं कापतं. त्याच अक्षरात लिहितो आहे, आणि या वेळी खाली सही करणार आहे. अर्जातला मजकूर खोटा होता. तुमचा सल्ला बरोबर होता. पोरीला दही तिच्या बापानं भरवलं, शुद्धीवर असताना, बायको नको म्हणत असताना. काला उचलण्याआधी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं, गाडी निघायला किती वेळ आहे ते बघायला. त्यामुळे तुम्ही दोनदा विचारलंत तेव्हा मला उत्तर नेमकं ठाऊक होतं.

अकरा वाजून वीस मिनिटं.